मावशी कधी अडकली नाही

शिमग्याला रजा दिली नाही म्हणून मुंबईतली लागलेली नोकरी सोडून आलेलं माणूस आमच्याकडे वाडीवाडीला एखादं तरी सापडेल. दत्तारामने तेवढ्यासाठी तीन सोडल्या. तिसऱ्या वेळी शेठने विचारलं, "अरे, पण गावाला असं आहे तरी काय?" तर हा म्हणतो, "शेठ, मी नाय गेलो तर मावशी उभी नाय राहत." शेठला वाटलं, ह्याची कुणी मावशी अंथरुणाला खिळली असणार. भला माणूस, वर औषधाला म्हणून पैसे दिलेन. दत्तारामने ते मुकाट्याने घेतले आणि वाटेत नवे घुंगरू घेतले. पुन्हा मुंबईला गेला नाही.

हातखंब्याहून आत वळलं की चिरेखाणी लागतात, आणि त्या ओलांडून उतरलं की खालची वाडी. वाडीच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, गण झाला की गौळण येते. कृष्ण, पेंद्या, डोक्यावर मडकी घेतलेल्या गौळणी, आणि त्या सगळ्यांना मथुरेच्या बाजाराला हाकत नेणारी मावशी. सगळे बाप्येच, लुगडी नेसलेले. बाकीच्यांची गाणी ठरलेली, बोलणी ठरलेली. मावशीचं मात्र दर वर्षी नवं. तिने मृदुंगाच्या ठेक्यावर कंबर हलवत यायचं आणि बसलेल्या लोकांतल्या एकेकाला गाठून त्याची टोपी उडवायची. एकेचाळीस वर्षं ही मावशी म्हणजे दत्ताराम. चिरे उचलून उचलून खांदे हे एवढे, आवाज फाटका. पण बायकोचं हिरवं लुगडं नेसून, एक हात कमरेवर ठेवून तो रिंगणात आला की म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडात कोंबायच्या.

"बाकी काय पण बोला," तो मिशीला पीळ देत सांगायचा, "एकेचाळीस वर्षांत मावशी कधी अडाकली नाय." ह्या मिशीचं आयुष्य होळीच्या आदल्या दिवसापर्यंतच. मग ती न्हाव्याकडे जायची, आणि कमळा दोन दिवस त्याच्याकडे बघायची नाही.

कमळा त्याची बायको. आता खालच्या वाडीची एक रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. मावशीने पहिला टोमणा आपल्या घरच्या माणसाला मारायचा. आधी स्वतःच्या घराची लक्तरं काढायची, मग गावाची. म्हणजे कुणाला रागवायला तोंड राहत नाही. त्यामुळे दर शिमग्याला सगळ्या वाडीसमोर पहिली पाळी कमळाची. कधी तिचं घोरणं निघायचं, कधी तिने जाळलेल्या भाकऱ्या, कधी माहेराहून आणलेला आणि आठ दिवसांत पळून गेलेला बोका. ती पुढच्याच रांगेत बसायची. नाक उडवायची, तोंड फिरवायची, "मेल्यांनो, हसताव काय!" म्हणून आजूबाजूच्यांवर खेकसायची. पण पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच बसलेली असायची.

तिचा शेवटचा शिमगा झाला त्या वर्षीची गोष्ट. देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, टेकलेली. कलत्या उन्हात नमन रंगलेलं. मावशीने ताकाचा विषय काढला. "आमच्या शेजारची कमळी! अगो, तिचं ताक म्हणजे केवढं पातळ! तिचा घोव त्याच्यात तोंड बघून दाढी करता!" लोक लोळले. आणि तेवढ्यात कमळा ताडकन उभी राहिली. पदर कमरेला खोचलान आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मिशी काढलीत ती काढलीत, आता चारचौघांत बायकोची अब्रू पण काढताव? लाज नाय वाटत?" आणि पाठ फिरवून चालती झाली.

लोकांना वाटलं, नवराबायकोने मिळून बसवलंय. टाळ्या थांबेनात. पण दत्तारामला माहीत होतं ना, बसवलेलं काही नव्हतं. तो घरी आला तर ही भिंतीकडे तोंड करून निजलेली. दुसऱ्या दिवशी पेज वाढलीन, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण गवताच्या भाऱ्यांविषयी. त्यानेही विचारलं नाही. विचारीन, विचारीन म्हणता शेतं लावून झाली, आणि श्रावणाच्या तोंडाला दोन दिवसांच्या तापात कमळा गेली.

झालं. दत्तारामच्या मनाने एकच धरलं. चाळीस वर्षं हिने सोसलं, आणि शेवटच्या वर्षी हिला सोसलं नाही. भरल्या वाडीत मी तिची अब्रू काढली आणि ती तशीच गेली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या शिमग्याला मंडळी बोलवायला आली तेव्हा गुडघा दाबत म्हणाला, "गुडघे गेले रे. दुसरा कोण तरी बघा." मग बाबल्याला लुगडं नेसवलं. बाबल्या मृदुंगावर बसला की देव डोलतो म्हणतात, पण मावशी म्हणून उभा राहिला की वीज गेलेल्या पंख्यासारखा. दोन शिमगे असेच गेले. नमन गौळणीपाशी आलं की लोक उठून भजी खायला जायला लागले.

आणि तिसरा शिमगा दीड महिन्यावर असताना दिशा आली.

दिशा म्हणजे त्याचा पुतण्या विनीत, त्याची मुलगी. मुंबईत एका कंपनीत असते. तिथे ते डोळ्यांवर चढवायचे डबे असतात ना, व्हीआरचे, त्यांच्यात दाखवायचे खेळ, नाटकं तयार करतात. डबा चढवला की आपण घरात असलो तरी भलतीकडेच उभे. ह्या दिशाने कमळाच्या त्या शेवटच्या शिमग्याला कंपनीतला एक कॅमेरा आणला होता. काठीवर बसवलेला लिंबाएवढा गोळा, चहूबाजूंनी एकदम बघणारा. तिला तो सहाणेसमोर मधोमध लावायचा होता. पण देवाच्या आणि खेळ्यांच्या मध्ये कुणी उभं राहत नाही, मग काठी कशी राहील? बाबल्याने काठी उचललीन आणि फणसाच्या अंगाला बायकांच्या घोळक्यात नेऊन रोवलीन. दिशा तेव्हा रडायची बाकी होती. बायकांना वाटलं, कंपनीचं नाव लिहिलेली बाजू ती कॅमेऱ्याची पुढची बाजू, आणि नाव तर खेळ्यांकडे वळलेलं. म्हणजे आमच्याकडे ह्याची पाठ. दिशाने सांगून बघितलं की आजी, तुम्ही पण दिसाल. "व्हय तर! पाठीला डोळे हायत जसे!" म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

"आजोबा," दिशा पडवीत बसून सांगत होती, "रत्नागिरीत दोन दिवस प्रदर्शन आहे. लोक येतील, हेडसेट घालतील, आणि आपल्या सहाणेसमोर बसून नमन बघतील. मावशी तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला विचारायला आले."

दत्तारामला आधी कमळाचं ओरडणं आठवलं. म्हणजे कमळाचा तो अपमान आता रत्नागिरीकर तिकिटं काढून बघणार! "नको गो बाय," तो म्हणाला. "तेवढी गौळण सोडून बाकीचा दाखव."

"गौळणच तर सगळ्यात भारी आहे! आणि मी ती जरा साफ पण करणार आहे. मध्ये एका ठिकाणी तुम्ही अडकलायत ना, तेवढं कापून टाकते. कुणाला कळणार नाही."

"कोण अडाकलाय?"

"तुम्ही. मावशी."

आता दत्ताराम दुःख विसरला. माणसाचा स्वभाव बघा. "दिशे, तुझा आजा खोटा बोलतो काय? एकेचाळीस वर्षांत मावशी कधी अडाकली नाय. लोक हसत होते, म्हणून थांबलो असेन. हसण्याला जागा द्यायची असता, तुमच्या कंपनीला काय कळतंय त्यातला?"

"मग बघा तुम्हीच," दिशा म्हणाली, आणि बॅगेतून डबा काढलान.

बघायचं म्हणजे कमळाला पुन्हा ओरडताना बघायचं. ते त्याला नको होतं. पण मावशी अडकली म्हणे! तो उठला. डबा डोळ्यांवर चढला, कानांवर पट्टे बसले, आणि दत्ताराम एकदम "अरे देवा!" म्हणून चाचपडत चपला काढायला लागला. समोर पालखी होती. देवासमोर चपला घालून कोण उभा राहतो? चपला निघाल्या, नमस्कार झाला. मग त्याला वाटलं आपण कुणाच्या तरी पायावर पाय देणार, म्हणून "जरा सरक गो" म्हणत तो बाजूला झाला आणि पडवीच्या खांबावर आपटला. दिशाने त्याला धरून खुर्चीत बसवलं.

मृदुंग वाजत होता. रिंगणात मावशी आली. दत्तारामने आयुष्यात पहिल्यांदा तिला बाहेरून बघितलं. "केवढं गो ता ढुंगण!" तो म्हणाला, आणि स्वतःच हसला. मावशीने ताक काढलं. घोव त्याच्यात तोंड बघून दाढी करता. हशा. मावशीने तर्जनी वर केली. "आणि मंग एक दिवस काय झालान..."

आणि मावशी थांबली.

हशा ओसरला. मृदुंगाचं एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. मावशीचं बोट तसंच वर, तोंडावर हसू तसंच, पण डोळे कुठेच बघत नव्हते. खुर्चीतला दत्ताराम पुढे वाकला. हसण्याला जागा देणारा माणूस असा दिसत नाही, हे त्याच्याशिवाय कुणाला कळणार? पुढचं सगळं पुसलं गेलं होतं. पेंद्या पेंद्याच्या जागी चुळबुळत होता. तिसरं आवर्तन सुरू झालं.

"अडाकले गो."

आवाज अगदी कानाशी आला, मागून. दत्तारामने मान वळवली.

कमळा. हातभरावर. मांडीवर शेंगांचं पातेलं, बाजूला शेजारची गंगुबाई.

"कोण गो?" गंगुबाईने विचारलं.

"हे. गप रव. कुणाला बोलू नको. तुला माझी शपथ."

पातेलं गंगुबाईच्या मांडीवर गेलं. चुलीवर दूध ठेवून बाहेर आलेलं माणूस आत धावतं, तशी ती उठली. उठता उठता तोंडावर राग चढवलान. पदर खोचलान. "मिशी काढलीत ती काढलीत..." आणि 'मिशी' एवढी जोरात ओरडली की पालखीपर्यंत ऐकू जावी.

दत्तारामने पुन्हा पुढे बघितलं. मावशीचे डोळे जागे झाले. "...दाढी करता करता हात सटाकला नि मिशी पण गेली! म्हणून तर बायांनो, मी आज मावशी झालंय!" आणि सगळी वाडी उसळली.

मिशी. तोच शब्द हरवला होता. आणि तो त्याला परत मिळाला होता, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. शिमग्यातल्या त्या दिवसाचं एवढंच त्याच्या मनात उरलं होतं, की बायको ओरडली.

त्याने घाईने मान वळवली. ती चालली होती. घरी नाही. फणसामागे गेली आणि थांबली. रिंगणातून तो बुंधा आडवा येत होता, पण ह्या काठीच्या जागेवरून ती सगळी दिसत होती. एक हात फणसावर टेकवून ती उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. रिंगणातून मावशीचा आवाज येत होता आणि त्याच्या एक अक्षर आधी कमळाचे ओठ. सगळं पाठ होतं तिला. शिमग्याआधी पंधरा दिवस तो अंगणात येरझाऱ्या घालत पुटपुटायचा तेव्हा ही पाठमोरी केर काढत असायची. तो समजायचा, हिला काय त्याचं!

एखाद्या टोमण्यापाशी मावशी श्वास घ्यायला थांबली की कमळा पाऊलभर पुढे यायची. मावशी बोलली की पुन्हा मागे. पोर नुकतं चालायला लागलं की आई कशी मागे मागे राहते, तशी. आणि हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. एवढी हसलेली ती त्याने उभ्या जन्मात बघितली नव्हती, कारण त्याने बघितलं की ती लगेच तोंड फिरवायची.

गौळण संपली. कमळाने डोळे पुसले, तोंड पुसलं, आणि लगबगीने पायवाटेला लागली. तो यायच्या आत भिंतीकडे तोंड करून निजायचं होतं ना.

दत्तारामने डबा काढला. आतून भिजला होता. तो उपरण्याने पुसत म्हणाला, "ह्याला पाणी लागलाय गो. बिघाडणार नाय ना?"

दिशाने डबा त्याच्या हातातून घेतला. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिने तो भाग वीसदा बघितला होता, पण समोरचा.

"तिनं मला सांगितलान नाय," दत्ताराम म्हणाला. "तुम्ही अडकलात, असा सांगितलान असतान तर मी परत कधी उभा राहिलो असतो काय? नाय राहिलो असतो. मला ओळखत होती ती. म्हणून राग धरलान. दोन दिवस बोलली नाय, ते मी विचारू नये म्हणून. आणि मी मुडदा अडीच वर्षं समजतोय, ही माझ्यावर रागावून गेली." मग तो सरळ रडला. पडवीत, पुतण्याच्या पोरीसमोर, मोठ्याने. दिशाने त्याचा हात धरला आणि तीही रडली. रडून झाल्यावर त्याने पुन्हा डबा मागितला. त्या दिवशी त्याने ती गौळण चार वेळा बघितली, आणि पहिली वेळ सोडली तर मावशीकडे एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी तो गंगुबाईच्या दारात गेला. तिने पाट दिलान, पाणी दिलान. तो म्हणाला, "गंगुबाय, तुला सगळा म्हाईत होता." गंगुबाई म्हणाली, "शपथ होती रे. आणि तू तर गुडघे म्हणालास. मला काय ठाव, तू ह्याच्यासाठी झुरतोस!" ह्यात तिचीही चूक नव्हती. तिथून तो बाबल्याकडे गेला आणि अंगणातूनच ओरडला, "ह्या शिमग्याला लुगडं मी नेसणार. तू आपला मृदुंग बडव." बाबल्याने, खोटं कशाला सांगू, देवाला हात जोडले.

"पण आजोबा, गुडघे?" दिशाने जायच्या दिवशी विचारलं.

"गुडघे बरे हायत. डोक्याचा मात्र भरवसा नाय. अडाकलो तर अडाकलो." मग म्हणाला, "ता तू कापणार होतीस, ता कापू नको."

"नाही कापत. पण मग लोकांना कळेल, तुम्ही..."

"कळू दे. ता कापलास तर ती उगाच ओरडली असा दिसेल. भांडकुदळ बाई म्हणतील तिला." त्याने डब्याकडे बोट केलं. "ह्याच्यात मागचा सगळ्यांना दिसेल?"

"मान वळवली तर दिसेल. नाही वळवली तर नाही."

"मंग मीच येतो रत्नांग्रीला," दत्ताराम म्हणाला.

आणि गेला. दोन्ही दिवस, धुतलेला सदरा घालून, खुर्चीच्या पाठीशी उभा. लोक येत होते, डबा चढवत होते, मावशीला हसत होते. कोणी कॉलेजातली पोरं, कोणी बँकेतले साहेब, एक तर नाटकवाले गृहस्थ. मृदुंगाचं दुसरं आवर्तन कधी होतं ते खुर्चीवरच्या माणसाच्या पायाच्या ठेक्यावरून त्याला कळायचं. मग तो त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणायचा, "आता मागं बघा." आणि नंतर, "आता फणसाकडे." बाबल्याही आला होता. तो रांग लावत होता आणि "ही मावशी म्हणजे हेच, हेच!" म्हणून दत्तारामची ओळख करून देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण बाई बसली होती. फणसाकडे बघा म्हटल्यावर तिने मान वळवली ती बराच वेळ परत फिरवलीच नाही. मग डबा न काढताच विचारलं, "आजोबा, ह्या झाडामागच्या बाई कोण हो? ह्यांना सगळं पाठ कसं?"

"कमळा," दत्ताराम म्हणाला. "माझी बायको."

चारचौघांत त्याने कमळाचं नाव घेतलं की पुढे टोमणा यायचा, हे बाबल्याला एकेचाळीस वर्षांच्या सवयीने माहीत. तो आधीच हसायला लागला होता. रांगेतली माणसंही मावशी काय बोलते म्हणून वळून बघायला लागली.

"मी अडाकलो होतो," दत्ताराम त्या सगळ्यांना म्हणाला, "आणि तिनं मला सावरलान."